मयूरी, शिल्लक शून्य

१

कुपवाडच्या ज्या कारखान्यात मी काम करते तिथं पंपाचे सुटे भाग बनतात. पोरं दुचाक्या लावून आत यायच्या आधी मला तीन कामं उरकायची असतात. ऑफिस झाडायचं, चहाचं आधण ठेवायचं आणि ढाबळ बघायची.

ढाबळ म्हणजे कबुतरांची नव्हे. जिन्याखाली एक जुना कॉम्प्युटर आहे. कारखान्याची सगळी मेल आधी त्यात येऊन बसते आणि मग ज्याची त्यानं आपापल्या मशीनवर उतरवून घ्यायची. मालक अण्णांचा मुलगा देवदत्त, त्यानं हे बसवलं. त्यातला प्रोग्रॅम फुकटचा आहे, म्हणजे जगात कुणीही तो उघडून बघावा, दुरुस्त करावा, दुसऱ्याला द्यावा. त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थ कबुतरांचं घर असा होतो, असं देवदत्तनं सांगितलं. आमच्या फोरमन नाथाजीकाकांच्या गच्चीवर खरीखुरी चाळीस कबुतरं आहेत. ते लगेच म्हणाले, "मग सरळ ढाबळ म्हना की!" तेव्हापासून तेच नाव पडलं. आतला पंखाही तसाच घुमतो, घुटुर्र, घुटुर्र, मध्येच थांबल्यासारखा.

देवदत्त नोकरीसाठी पुण्याला गेला तेव्हा जाताना हे काम मला शिकवून गेला. मी सातवी शिकलेली. पण त्यानं माझ्यासाठी एक सोपं पान करून दिलंय. प्रत्येकाच्या मेलच्या खोक्याचं नाव, वेळ, उतरवल्या किती, पुसल्या किती, शिल्लक किती. ते रोज वाचायचं, काही वेडंवाकडं दिसलं तर त्याला फोन करायचा. एवढं मला चांगलं जमतं. आजपर्यंत एकही ऑर्डर माझ्या हातून हुकलेली नाही.

त्यातलं एक खोकं आमच्या घरचं आहे. मयूरीचे पप्पा मुंबईच्या पुढं समुद्रात, तेलाच्या विहिरींना सामान पोचवणाऱ्या बोटीवर भटारखान्यात असतात. माण तालुक्यातला माणूस. लहानपणी मेंढरांमागं पाणी शोधत फिरला, आता चारी बाजूंनी पाणीच. तिथं मोबाईलला रेंज नाही. कॅप्टनच्या खोलीत एक कॉम्प्युटर आहे, तो दिवसातून एकदा, दुपारी बाराला, सगळ्यांची मेल उतरवून घेतो. म्हणून देवदत्तनं आम्हाला एक खोकं दिलं.

"नाव काय देऊ वहिनी?"

"द्या की त्यांचंच."

"त्यांचं म्हणजे?"

नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायची आमच्यात रीत नाही. सासूबाई दगडाबाई पन्नास वर्षांत एकदाही नाव न घेता संसार करून बसल्यात.

"मयूरीच्या पप्पांचं," मी म्हणाले.

नाथाजीकाका हसले. "उखाना घ्या, उखाना! मशीनबी ऐकील."

देवदत्त घाईत होता. त्यानं मयूरी असंच टाकलं.

२

मयूरी चार वर्षांची आहे. अंगणवाडी दहाला भरते, तोवर ती माझ्याबरोबर कारखान्यात येते आणि जिन्याजवळ रिकाम्या पोत्यांच्या थप्पीवर बसते. तिच्या डब्यात एक चानकी. आमची भाकरी मोठी, तिची तळहाताएवढी. मोठ्या भाकरीचा तुकडा मोडून दिला तर खात नाही, तिला तिची अख्खी लागते.

आधी आम्ही नुसती खुशाली लिहून पाठवायचो. आषाढात एका सोमवारी तिचं गाणं मी पहिल्यांदाच फोनवर भरलं. अंगणवाडीत नवीन शिकवलेलं.

करडू करडू ये ये ये,
लिंबाचा पाला घे घे घे.

मेलनं पाठवून दिलं. पाठवलं की मी फोनमधलं पुसून टाकते, माझा फोन सारखा भरतो. बाराला बोटीनं ते उतरवलं. तिकडून उत्तर आलं, "गाणं पोचलं. दिवसभर हितं वाजतंय."

मंगळवारी सकाळी वेणी घालताना मी म्हटलं, "म्हण गं करडू."

"कुटलं करडू?"

मी पहिली ओळ म्हणून दाखवली. ती माझ्याकडं बघत राहिली. पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं, लक्ष देऊन. मला वाटलं नखरे करतीय. अंगणवाडीच्या अंजनाताईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "काल तर सगळ्यांत मोठ्यानं म्हणत होती. आज बाकीच्या पोरांची तोंडं बघत बसली."

पोरं विसरतात. माझ्या मनानं मला हेच सांगितलं आणि मी ते ऐकलं.

त्याच दिवशी कामावर यायच्या आधी मी तिचा हसतानाचा फोटो पाठवला होता. तिच्या डाव्या गालावर खळी पडते, पप्पांची आवडती. बाराच्या नंतर उत्तर आलं. फोटो पोचला असं नव्हतं लिहिलेलं. लिहिलं होतं, "खळी पोचली."

संध्याकाळी आंघोळ घालताना मी तिला गुदगुल्या केल्या. ती खदखदून हसली. गाल सपाट.

मी अंगठ्यानं चाचपून बघितलं. वजन उतरलं असेल. उजेड कमी असेल. मी दिव्याखाली नेऊन परत हसवलं. मग परत एकदा. शेवटी तीच म्हणाली, "आई, पुरे की."

३

बुधवारी तिनं फोनसमोर उभं राहून आपलं नाव सांगितलं. अंगणवाडीत पाहुणे आले की सांगतात तसं, हात बांधून, मान ताठ. "माजं नाव मयूरी." मीही काय म्हणून पाठवलं, असं मला नंतर कितीदा वाटलं. पण बाप आहे तो. चार-चार महिने लेकराचं तोंड बघत नाही.

गुरुवारी सकाळी मी तिला हाक मारली, "मयूरी, चप्पल घाल." ती वळली नाही. परत मारली. तिसऱ्यांदा ओरडले तेव्हा कारखान्यातल्या दोन लेथवरची पोरं वळून बघायला लागली, पण ती नाही. "ए बाळा," म्हटल्यावर मात्र लगेच वळली.

तिला तशीच कडेवर मारून मी सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी कानात बत्ती घालून बघितलं, मागून टाळी वाजवली. म्हणाल्या, कान उत्तम आहेत.

मी घाबरट आहे, हे सगळे म्हणतात. पोरीला शिंक आली तरी मी कपाळाला हात लावून बघते. पण घाबरट असणं वेगळं आणि खोटं बघणं वेगळं. मी काही खोटं बघत नव्हते.

जेवणाच्या सुट्टीत मी नाथाजीकाकांना विचारलं, "काका, तुमचं एखादं पाखरू उडालं आणि दुसऱ्याच्या ढाबळीत जाऊन बसलं, तर?"

"बसलं तर बसू दे की. शिट्टी मारली की येतंय माघारी."

"आणि त्यानं उतरवून घेतलं तर?"

काका डबा पुसता पुसता थांबले. "उतरवून घेतलं, दाना टाकला आन पाखरानं तो टिपला, की झालं. ज्यानं उतरवलं त्याचं. मग भांडायचं न्हाई. ढाबळीचा कायदा हाय त्यो." मग माझ्या तोंडाकडं बघून म्हणाले, "का गं? कबुतरं पाळतीस का काय? बिनकामाचा शौक हाय बग. तुजी काकू मला रोज म्हनती, तुमीबी झोपा जावा वर त्यांच्यातच."

मी हसले.

त्या दुपारी अंगणवाडीतून आल्यावर मयूरी पोत्यांवर झोपली. माझ्या फोनवर पप्पांची मेल होती. "आता पुरी पाठीव. डोक्यापास्नं पायापतूर."

मी तिचा झोपलेला व्हिडिओ घेतला. केसांपासून पायाच्या नखांपर्यंत, सावकाश. आणि पाठवला. एवढं सगळं झाल्यावर का पाठवला, असं कुणी विचारलं तर माझ्याकडं एकच उत्तर आहे. काकांना विचारलं ते नुसत्या शंकेनं, तोवर मी ते दोन्ही धागे जोडलेच नव्हते. पोरगी बिघडतीय हे एका बाजूला होतं आणि मेल जातीय हे दुसऱ्या.

४

त्या रात्री ती जेवायलाही उठली नाही, दमली असेल म्हणून मी झोपू दिलं. शुक्रवारी सकाळी मी तिला उठवलं तेव्हा ती उठून बसली. पण बसली तेवढंच. उभं केलं की उभी राहिली. डोळे उघडे होते. मी मनात आकडे मोजत राहिले, चाळीसपर्यंत गेले, पापणी लवली नाही. अंग गरम होतं, श्वास चालू होता. कुणीतरी बोलवायला येणार आहे आणि आपण तयार होऊन बसलोय, तशी दिसत होती.

दवाखाना उघडायला अजून वेळ होता. कारखान्याची किल्ली माझ्याकडं. तिला पोत्यांवर बसवलं आणि सवयीनं ढाबळीचं पान उघडलं. हात चालत होते, म्हणून उघडलं.

पानावर नेहमीसारख्या ओळी होत्या. मी सहा महिने त्या वाचतीय. पण त्या दिवशी पहिल्यांदा वाचल्या.

सोमवार. मयूरी. उतरवली एक, पुसली एक, शिल्लक शून्य.
मंगळवार. मयूरी. उतरवली एक, पुसली एक, शिल्लक शून्य.
बुधवार. मयूरी. उतरवली एक, पुसली एक, शिल्लक शून्य.

गुरुवारचा व्हिडिओ बारानंतर गेलेला, म्हणून तो अजून आतच होता. शेवटची ओळ एवढीच होती. मयूरी. शिल्लक एक.

पंखा घुटुर्र घुटुर्र करत होता. मी मागं वळून पोत्यांकडं बघितलं.

५

सकाळपासून लावत होते, देवदत्तनं चौथ्या खेपेला फोन उचलला. साडेअकरा झाले होते. तोवर मी मयूरीच्या तोंडात पाणी घालून बघितलं होतं, ते हनुवटीवरून ओघळलं.

"काय झालं वहिनी? ऑर्डर अडकली का?"

"आमच्या खोक्यात एक मेल आहे. बाराला बोट ती उतरवणार. उतरवली की इथली का पुसली जाते?"

"जुनी पद्धत आहे ती. बोटीवरचा कॉम्प्युटर घेतो आणि म्हणतो, आता इथलं पुसून टाका. तिकडं प्रत ठेवायची खूणच केलेली नाही कुणी."

"मी आत्ताच पुसून टाकू का ती मेल?"

विचारता विचारताच पुढची ओळ माझ्या डोळ्यांपुढं आली. उतरवली शून्य, पुसली एक. मग ती ना इथं, ना तिथं.

"नको," मीच म्हणाले. "आणि मशीन बंद केलं तर?"

"बंद केलं तर आत आहे ते आतच पडून राहील. चालू कराल तेव्हा जाईल."

मी पोत्यांकडं बघितलं. पडून राहील. अशीच बसून.

"खोक्याचं नाव बदला मग! देवदत्त, नाव बदला. बिरदेव टाका. बिरदेव! ऐकलं का? बिरदेव!"

लेथ बंद झाल्यासारखी वाटली. नाथाजीकाका चहाचा कप हातात धरून दारात उभे होते, त्यांनी तो हळूच खाली ठेवला. लग्नाला सहा वर्षं झाली, ते नाव माझ्या तोंडातून पहिल्यांदा बाहेर पडलं होतं.

"वहिनी, शांत व्हा," देवदत्त म्हणाला. "आता बदलून उपयोग नाही, बोटीवर जुनंच नाव भरलंय, ती त्याच नावानं मागणार. पण एक करता येईल. आपणच प्रत ठेवू. बोट म्हणाली पुसा, तर पानावर पुसली असं येईल, पण आपली ढाबळ खरं पुसणार नाही. सेटिंगची फाईल उघडा. ती ओळ आधीपासून लिहिलेली आहे, फक्त झाकून ठेवलीय. तिच्यापुढं # अशी खूण दिसेल."

"जाळीसारखी?"

"हां, जाळी. ती जाळी काढा. बाकी एका अक्षराला हात लावू नका."

मी ओळ शोधली. अक्षर अन् अक्षर त्याला वाचून दाखवलं. एकही अक्षर चुकलं नाही, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगते. जाळी काढली, जतन केलं, त्यानं सांगितलं तसं ढाबळ एकदा बंद करून परत चालू केली. पंखा थांबला. सगळ्या जिन्याखाली इतकी शांतता झाली की मला मयूरीचा श्वास ऐकू आला. मग पंखा परत घुमायला लागला.

अकरा अठ्ठावन्न.

"देवदत्त, एक सांगा. प्रत म्हणजे आपल्याकडं काय राहणार आणि तिकडं काय जाणार?"

"दोन्ही सारखंच हो. फरक काय त्यात!" तो हसला. "मूळ गेलं काय आणि प्रत राहिली काय."

मी पोरीला मांडीवर घेतलं आणि पानाकडं बघत बसले. बारा वाजले. ओळ उमटली.

मयूरी. उतरवली एक, पुसली एक, शिल्लक एक.

माझ्या मांडीवर पापणी लवली. एकदा, मग भराभर, डोळ्यात कचरा गेल्यावर लवते तशी. तिला एक उचकी लागली.

"आई," ती म्हणाली, "भूक लागली."

६

मी जिंकले होते. सगळ्या कारखान्यात पेढे वाटावेत असं वाटत होतं. नाथाजीकाका म्हणाले, "काय झालतं गं पोरीला?" मी म्हटलं, "ऊन लागलं होतं." त्यांनी बाहेरच्या पावसाकडं बघितलं.

शनिवारी ती हुंदडली, सांडलेला चहा पुसायला आली, मांजराच्या मागं धावली. नाव मी तिला परत शिकवलं. "तू कोण? मयूरी." तासाभरात शिकली. गाणंही शिकवलं. ये ये येच्या जागी ती चुकते, आधी कधी चुकत नव्हती. पण शिकली. खळी तेवढी आली नाही. नसली तर नसली. खळीवाचून कुणाचं अडलंय?

मी हे ठामपणे सांगते, ती माझी पोरगी आहे. तिचा घाम ओळखीचा आहे. झोपेत माझ्या पदराचं टोक मुठीत धरते. आई असून मला कळणार नाही का?

७

रविवारी अकराच्या सुमाराला फोन वाजला. बोट किनाऱ्याला लागली होती. मी खोलीच्या उंबऱ्यावर बसून मयूरीला चानकी भरवत होते, फोन खांद्यानं कानाशी धरला.

"मंगल, पोचली गं," मयूरीचे पप्पा म्हणाले. आवाजात नुसता आनंद. "आता पुरी पोचली."

"व्हिडिओ व्हय?"

ते हसले. मी काही भोळं बोलले असेन तसे. "आवं, मी काय म्हनते," मी म्हटलं, "तिथं कोन गातंय मागं?"

कारण मागं कुणीतरी गात होतं. लांब, पत्र्यावर अनवाणी पावलं आपटत.

करडू करडू ये ये ये.

ये ये येला चुकलं नाही.

माझ्या हातातला घास मयूरीच्या तोंडापाशी तसाच राहिला. ती तोंड उघडं ठेवून वाट बघत होती.

"ये गं हिकडं, आईशी बोल," पप्पा तिकडं म्हणाले. पावलं जवळ आली. फोनवर श्वास आला, थोडा धापलेला.

"आई, हितं लय पानी हाय."

मी फोन कानाशी आणखी दाबला.

"आई? तुज्याजवळ कोन बसलंय?"

मयूरीनं मांडीवरून मान वर करून फोनकडं बघितलं. मग माझ्याकडं. "आई, ती कोन गं?" ती कुजबुजली.

उंबऱ्यावर ऊन होतं. शेजारच्या घरी टीव्ही लागला होता, कुकरची शिट्टी झाली. सगळं जागच्या जागी होतं. मला ओरडता आलं असतं, फोन आपटता आला असता. पण त्या आवाजाला धाप लागली होती आणि आईला लेकराची धाप कळते. माझ्या तोंडून तेच निघालं जे रोज निघतं.

"जेवलीस का?"

"न्हाई," तिकडून आलं. रडवेलं. "पप्पास्नी चानकी करता येत न्हाई. मोठी भाकरी मोडून देत्यात."

मग फोन पप्पांनी घेतला. बोटीत सामान भरायचं होतं, ते घाईत होते. म्हणाले, "दिवाळीला येतो. आमी दोगं येतो."

दिवाळीला अजून वेळ आहे. ढाबळीची जाळी मी परत घातलेली नाही आणि घालणारही नाही. रोज सकाळी नवाच्या आत पान उघडते. मयूरी, शिल्लक एक. पोत्यांवर ती बसलेली असते, पाय हलवत.

तेवढा एक बदल मी केलाय. सोमवारपासून तव्यावर दोन चानक्या टाकते. एक हिच्या डब्यात. दुसरी वेगळ्या डब्यात, घट्ट झाकण लावून, ढाबळीच्या वर ठेवते. बाराला मी तिकडं बघत नाही. संध्याकाळी घरी जाताना झाकण काढते.

शिल्लक शून्य.